टीव्ही बंद केला, पण कुणाचा?

सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी एकच सल्ला ऐकू येतो. "डिश कशाला भरताय? बंद करा. सगळं मोबाईलवर दिसतंय की." पानटपरीवर हेच, लग्नाच्या पंगतीत हेच, शाळेच्या ग्रुपवरही हेच. मी स्वतः दोन-चार जणांना हा सल्ला दिलाय आणि माझ्या घरात अमलातही आणलाय. त्यात माझं काय चुकलं ते सांगायला आज लिहितोय. हिशेबासकट सांगतो, कारण चूक हिशेबातच होती.

आमचं घर कराड तालुक्यात. मी, बायको, कॉलेजला जाणारी मुलगी, नववीतला मुलगा आणि पंचाहत्तरीची आई. घराला लागूनच माझं छोटं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. थोडी शेती आहे, त्यात ऊस. ज्यांच्याकडं ऊस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. खर्चाला तारीख असते, बिलाला नसते.

गेल्या जूनमध्ये मुलीची फी, मुलाची वह्या-पुस्तकं आणि खताची पोती असं सगळं एकदम अंगावर आलं. एका रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो. काय काय कमी करता येईल? किराण्यात फारसं काही नव्हतं. लाईटबिल आपल्या हातात नाही. मग बोट गेलं डिशच्या रिचार्जवर. महिन्याला ३४० रुपये, म्हणजे वर्षाला ४,०८०.

मुलगी म्हणाली, "पप्पा, मी तर महिनाभर टीव्ही लावलाच नाही." मुलगा म्हणाला, "मॅच मोबाईलवर दिसते." बायको म्हणाली, "मला बसायला वेळच कुठं असतो?" माझं मत तर आधीच ठरलेलं. चार मतं पडली, ठराव मंजूर. आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "आई, चालंल न्हवं?"

"करा की. मला काय. डोळं दुखत्यात तसंबी."

आपल्याकडच्या आयांचं हे उत्तर आपण आयुष्यभर ऐकत आलोय आणि आयुष्यभर त्याचा सोयीचा अर्थ लावत आलोय. मीही लावला. पुढच्या रिचार्जची तारीख आली तशी गेली. दोन दिवसांनी पडद्यावर रिचार्ज करा म्हणून पाटी आली. मुलानं टीव्हीची पिन काढून तिथं आपला चार्जर लावला.

पहिला आठवडा आई संध्याकाळी शेजारी जायची. साडेसातची एक आणि आठची एक, अशा तिच्या दोन मालिका. शेजारणीच्या सोप्यात दाराजवळ बसून बघायची. मग तिथं पाहुणे आले, एकदा त्यांची मुलं क्रिकेट लावून बसली, एकदा ही गेली तेव्हा ते जेवत होते. तिनं जाणं बंद केलं. सांगितलं काही नाही. साडेसातला जेवायची आणि आठला अंथरुणावर पडायची. पहाटे तीनला उठून बसायची. आम्हाला वाटलं, वय झालंय.

मग मी शहाणपणा केला. माझा जुना फोन तिला दिला, त्यात मालिकेचे भाग लावून दिले. सलग चार दिवस प्रयत्न झाला. बोट जरा इकडं तिकडं लागलं की दुसरंच काहीतरी सुरू व्हायचं. कधी कर्जाची जाहिरात, कधी गुडघ्याचं तेल, कधी कुणीतरी ओरडणारा माणूस. आवाज वाढवायला गेली की फोन बंद व्हायचा. "ह्यात आपलं माणूस कुठं हाय ते घावतच न्हाई," म्हणाली आणि फोन माझ्या उशाशी ठेवून गेली.

भाऊबीजेला बहिणीकडं गेलो. तिचं सासर सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. जेवताना मी कौतुकानं सांगितलं, आम्ही टीव्ही बंद केला, वर्षाचे चार हजार वाचले. वर जोडून दिलं, "तुमच्या तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावसारखंच की!"

बहीण म्हणाली, "वडगावात सगळ्यांचाच बंद होतो दादा. मोबाईलसुद्धा. तुमच्यात एकट्या आईचाच झालाय."

घास तसाच राहिला हातात.

मोहित्यांचं वडगाव ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तीनेक हजार वस्तीचं गाव. कोरोनाच्या काळात पोरांची शाळा मोबाईलवर गेली. शाळा पुन्हा भरली तरी मोबाईल हातातून सुटेना, हे सगळ्या गावांचं झालं तसं त्यांचंही झालं. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी त्यावर एक उपाय काढला. १४ ऑगस्ट २०२२ ला महिलांची ग्रामसभा झाली, तिथं ठरलं, आणि स्वातंत्र्यदिनापासून सुरू झालं. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं, काय हवं ते करायचं. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, तेव्हा ते रुळलं. देशभर बातम्या झाल्या, परदेशातल्या पत्रकारांनीही दखल घेतली.

आपण बातमी वाचली आणि त्यातलं "टीव्ही बंद" एवढंच उचललं. त्या निर्णयाची खरी गोम वेगळी आहे. एक म्हणजे तो बायकांना बोलावून, त्यांच्या सभेत झाला. सात ते साडेआठ ही मालिकांची ऐन वेळ, म्हणजे सगळ्यात जास्त सोडायचं होतं ते बायकांनीच, आणि ते त्यांनी स्वतः ठरवून सोडलं. दुसरं म्हणजे भोंगा वाजल्यावर सासूचा टीव्ही आणि जावयाचा मोबाईल यात फरक नाही. तिसरं, साडेआठला पुन्हा सगळ्यांना सगळं चालू. आमच्या घरातल्या ठरावात यातलं काहीच नव्हतं. आईची करमणूक बंद झाली आणि त्या रात्री चार माणसं चार कोपऱ्यांत चार पडदे घेऊन बसली. (चौथा पडदा म्हणजे आईनं परत केलेला माझा जुना फोन. तो मुलानं ताब्यात घेतला होता.)

घरी आल्यावर पुन्हा वही काढली. जूनमध्ये मी फक्त एक ओळ लिहिली होती. या वेळी "बघण्यावर" होणारा सगळाच खर्च लिहिला.

डिश, महिना ३४० प्रमाणे वर्षाला ४,०८०.
तीन स्मार्टफोनचे रिचार्ज, प्रत्येकी साधारण ३५०, वर्षातून तेरा वेळा: १३,६५०.
घरचं आणि दुकानचं वायफाय, करासकट महिना ५९०: ७,०८०.
एका ओटीटीचं वर्षाचं सभासदत्व: १,४९९.
क्रिकेटसाठी तीन महिन्यांचा पॅक, दोनदा: २९८.

बेरीज २६,६०७. त्यात आईचा टीव्ही ४,०८०, म्हणजे साडेसहातला एक रुपया. उरलेले साडेपाच रुपये आमचे. घरात काटकसर करायची ठरली तेव्हा आम्ही साडेपाच रुपयांना हात न लावता तो एक रुपया कापला, कारण त्या एका रुपयाचा मालक सभेत हात वर करणारा नव्हता.

"तेरा वेळा" हे चुकून लिहिलेलं नाही. महिन्याचा रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा असतो. ३६५ भागिले २८ करा, तेरा येतात. पगार बारा, दुधाची बिलं बारा महिन्यांची, रिचार्ज मात्र तेरा. २०२२ मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं की निदान एक तरी पॅक पूर्ण तीस दिवसांचा ठेवा. ठेवलाय. तो शोधून काढावा लागतो एवढंच.

आता कुणी म्हणेल, डिशवाल्यांनीच लोकांना पळवून लावलं. त्यात तथ्य आहे. जरा मागचं आठवा. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे नियम लागू झाले. "जे बघाल त्याचेच पैसे द्या" असं सांगितलं गेलं होतं. शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे हे नुसतं कनेक्शनचं भाडं. त्यावर पैसे देऊन बघायच्या वाहिन्यांचा दर वेगळा. त्या वेळी झी मराठीचा दर १९ रुपये होता, करासकट २२ रुपये ४२ पैसे. तेव्हा झी मराठीवर "लागिरं झालं जी" चालू होती. आपल्या साताऱ्याच्या मातीतली, फौजी होऊ बघणाऱ्या पोराची गोष्ट. शेजारच्या गावातलं शूटिंग आपण फुकट बघायला जात होतो, आणि घरात बसून तेच बघायला आधी १५३ आणि वर २२ भरत होतो.

यादी करून एकेक वाहिनी निवडायची मुभा कागदावर होती. पण केवढे लोक करणार ते? रिमोटवर तीन आकडी नंबर लावून, कुठल्या वाहिनीला किती पैसे ते पाठ करून? बहुतेकांनी समोर आला तो पॅक घेतला. त्यात मराठी चार, आणि बाकी आपण कधी न उघडलेल्या चाळीस. जानेवारी २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या द्यायला लावल्या आणि दुसऱ्या टीव्हीच्या भाड्यालाही मर्यादा घातली. जुलै २०२४ मध्ये मात्र कनेक्शनच्या भाड्यावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता कंपनी ठरवेल ते भाडं. २०२० च्या सुमारास देशात पैसे भरून डीटीएच बघणारी सात कोटींच्या आसपास कनेक्शनं होती. २०२५ पर्यंत ती सहा कोटींच्या खाली आली. म्हणजे आमचं घर काही एकटं नव्हतं.

पण लोकांचे पैसे तिथून निघून कुठं गेले ते बघा. २०२३ आणि २०२४ मध्ये आयपीएल मोबाईलवर फुकट दाखवली. लोकांनी डिश सोडली, पोरांना मोबाईलवर मॅच बघायची सवय लागली. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी मोबाईलचे दर वाढवले. जिओचा २३९ चा अठ्ठावीस दिवसांचा पॅक २९९ झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले आणि क्रिकेटलाही पैसे लागायला लागले. ज्या घरांनी चार हजार वाचवले म्हणून पाठ थोपटून घेतली त्यांनी रिचार्जची जुनी बिलं काढून बघावीत. माझ्या घरात तरी वाचलेला पैसा उंबऱ्याच्या आतच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला होता.

यात आणखी एक फरक आहे, जो हिशेबाच्या वहीत येत नाही. टीव्ही एक भरला की घरातल्या पाच माणसांना दिसतो, आलेल्या पाहुण्यालाही दिसतो. मोबाईलचा रिचार्ज माणशी लागतो. ज्याच्या हातात मोबाईल नाही त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी "रामायण" लागायचं तेव्हा आमच्या आळीत एकच टीव्ही होता आणि सोप्यात बसायला जागा पुरत नव्हती. ज्यांच्या घरी टीव्ही होता ते तेव्हा कुणाचे पैसे मागत नव्हते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं तेच "रामायण" पुन्हा लावलं, तेव्हा आई आणि नातवंडं एकाच सतरंजीवर बसली होती. मुलानं आजीला शंभर प्रश्न विचारले होते. त्यानंतर त्या दोघांनी एकत्र बसून काही बघितल्याचं मला आठवत नाही.

काहीजण म्हणतील, मालिका बंद झाल्या तर बरंच झालं, काय असतं त्यात? भांडणं आणि कारस्थानं. असेल. पण हा प्रश्न आपण फक्त म्हातारीच्या मालिकेला विचारतो. आपण रात्री साडेअकरापर्यंत अंगठ्यानं काय वर सरकवत असतो त्याला कुणी विचारत नाही. आईला मालिकेत काय मिळतं हे मी तिला पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "रोजची माणसं असत्यात. काल काय झालं ते ठावं असतं, उद्या काय व्हईल ते बघायचं असतं." दिवसभर घरात एकटी असणाऱ्या बाईला "उद्या" असणं म्हणजे काय, ते आपल्याला अजून कळायचंय.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, म्हणजे नुसती रडगाणी नकोत.

पुन्हा बैठक घेतली. या वेळी आईला मध्ये बसवलं. पहिला पर्याय होता डीडी फ्री डिशचा. दूरदर्शनची ही सेवा २००४ पासून आहे. एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा, नंतर महिन्याचं काही भाडं नाही, रिचार्ज नाही. ज्यांना बातम्या, सह्याद्री, जुने सिनेमे, भजन-कीर्तन एवढंच पुरतं त्यांनी डोळे झाकून हे घ्यावं. आपल्याकडं लोकांना हे माहीत नसतं, कारण जे फुकट आहे त्याची जाहिरात कुणी करत नाही. पण आईच्या दोन्ही मालिका ज्या वाहिनीवर होत्या ती फ्री डिशवर नव्हती. हा पर्याय तिच्यासाठी उपयोगाचा नव्हता.

मग दुसरा पर्याय. डिश पुन्हा चालू करायची, पण तयार पॅक नको. आईनं तोंडानं सांगितलं, "मला दोन मराठी आणि एक देवाचं." मुलीनं ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडचा माणूस तीनदा तोच मोठा पॅक गळ्यात मारायला बघत होता. ती चौथ्यांदाही "फक्त एवढ्याच वाहिन्या" म्हणाली, तेव्हा झालं. करासकट दोनशेच्या आत बसलं. जे काम २०१९ मध्ये करायला हवं होतं ते सहा वर्षांनी झालं.

आता उरलेले पैसे आमच्या वाट्यातून काढायचे होते. ओटीटीचं वर्षाचं सभासदत्व नूतनीकरणाला आलं होतं, ते सोडून दिलं. आणि माझा फोन. घरात वायफाय, घराला लागून दुकान, तिथंही तेच वायफाय. मी दिवसाला दोन जीबी कशासाठी भरत होतो? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक काढायला लावले आणि २०२५ च्या जानेवारीत ते आले. चौऱ्याऐंशी दिवसांना साधारण साडेचारशे-पावणेपाचशे. तो घेतला. बाजारात गेलो की खिशात रोख ठेवतो. दुकानाबाहेर फोन आला तर बोलतो, नाहीतर फोन खिशात. पहिला आठवडा जड गेला, खोटं कशाला बोलू. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो आणि हाताला काही सुचेना. तेव्हा आई त्या पाच महिन्यांत साडेसातला जेवून अंथरुणावर का पडत होती ते कळलं.

नवा हिशेब असा. माझ्या रिचार्जमध्ये वर्षाला अडीच हजार वाचतात. ओटीटीचे १,४९९. डिश ३४० वरून दोनशेवर आली त्याचे १,६८०. बेरीज ५,७०० च्या आसपास. टीव्ही पूर्ण बंद करून ४,०८० वाचत होते. म्हणजे आईचा टीव्ही चालू ठेवून त्यापेक्षा सोळाशे जास्तच वाचले. काटकसरीला माझा विरोध नाही, हे यावरून लक्षात यावं.

आता यातला सार्वजनिक भाग, कारण हे माझ्या एकट्याच्या घरापुरतं नाही.

पहिलं. जी गोष्ट दूरदर्शन फुकट देतंय ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींनी लोकांना सांगायला काय हरकत आहे? केंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये प्रसारणासाठी अडीच हजार कोटींच्या वरची योजना मंजूर केली. त्यात दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागासाठी आठ लाख फ्री डिश बॉक्स फुकट द्यायचं ठरलं. जत-आटपाडीकडच्या वाड्या किंवा पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वस्त्या यांना त्यात जागा मिळाली का, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवं. मोबाईलची रेंज नसलेल्या वस्तीत "सगळं मोबाईलवर दिसतंय" हे वाक्य कुणी बोलून दाखवावं.

दुसरं. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, आणि त्यात मोठ्या पैशांच्या हिंदी वाहिन्या पुढं असतात. सह्याद्री ही आपली स्वतःची, लोकांच्या पैशावर चालणारी वाहिनी आहे. सांगलीला आपण अभिमानानं नाट्यपंढरी म्हणतो, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं "सीता स्वयंवर" केलं म्हणून. त्या पंढरीतली, आणि साताऱ्यातली, हौशी नाटकं, तमाशे, भजनी मंडळं सह्याद्रीवर संध्याकाळी साडेसातला का दिसू नयेत? म्हाताऱ्या माणसांना बघायला फुकट आणि चांगलं काही असलं तर त्यांना भाडं भरायची गरजच उरणार नाही.

तिसरं, गल्लीतल्या केबलवाल्याबद्दल. पूर्वी केबलवाला हा गल्लीतला पोरगाच असायचा. वायर तुटली की सायकलवरून यायचा, कौलावर चढायचा, आईच्या हातचा चहा पिऊन जायचा. "ह्या म्हैन्याला जमंना" म्हटलं की पुढच्या महिन्यात एकदम घ्यायचा. आज रिचार्ज संपला की रात्री बारा वाजता पडदा काळा होतो, तिथं उधारी नाही आणि ओळखही नाही. आपल्या भागात अजून जे केबलवाले टिकून आहेत त्यांच्याकडं एकदा चौकशी करा. मोजक्या वाहिन्यांचा दर विचारा. ज्याला तुमच्या आईचं नाव माहीत आहे अशा माणसाला महिन्याला दोनशे रुपये देणं मला तरी परवडतं.

आणि शेवटी आपल्या घरातल्या सभेबद्दल. घरात पैशाची ओढाताण सगळ्यांनाच आहे. टीव्ही बंद करावासा वाटला तर जरूर करा, त्यात लाज नाही. पण वहीत सगळ्या ओळी लिहा. आणि जे माणूस "मला काय त्याचं" म्हणतंय त्याला दुसऱ्यांदा विचारा, या वेळी रिमोट त्याच्या हातात देऊन.

आमच्याकडं सध्या साडेसातला टीव्ही लागतो. साडेआठला बंद होतो. वडगावसारखा भोंगा नाही, पण त्या तासाभरात मुलाचा मोबाईल फ्रिजवर असतो आणि माझाही. तो अभ्यास करता करता एक कान आजीच्या मालिकेकडं ठेवतो. काल आईला डुलकी लागली. उठल्यावर तिनं विचारलं, "काय झालं रं पुढं?" त्यानं पुस्तकातून मान वर न करता सगळं सांगितलं.

तुमच्या घरात बघण्यावर वर्षाला किती जातात ते एकदा मांडून बघा. आणि त्यातले घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला किती येतात, तेही लिहा. आकडा खाली टाका. माझा टाकलाय.